मूळ प्रतीचा ठसा

सोमवार, ८ जानेवारी

निळी वही आज कपाटात गेली. आमच्या नोंदी तपासायला नेमलेल्या परीक्षकबाईंनी स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. अकरा वर्षं त्या वहीच्या आणि माझ्या डोक्याच्या आधारावर हॉस्पिटलची अडतीस जुनी यंत्रं, म्हणजे कॉम्प्युटर, चालली, आणि बाई म्हणतात, "वहीत आहे म्हणजे कुठेच नाही. उद्या तुम्ही जिन्यावरून पडलात तर?"

मी म्हटलं, "मी लिफ्टने येतो."

हसल्या नाहीत.

म्हणून ही दुसरी वही काढली. हातात वही नसली की मला सुचत नाही.

संध्याकाळी हिने शिवणयंत्रावरून मान न उचलता विचारलं, "अहो, तुम्ही तिथे नक्की करता काय?" बावीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न चौथ्यांदा. मी सांगितलं, जुना कॉम्प्युटर मोडकळीला आला की त्याची आख्खी डिस्क जशीच्या तशी एका फाइलीत उतरवून घ्यायची. ती डिस्क इमेज. मोठा सर्व्हर ती फाइल उघडतो, आणि आतला जुना कॉम्प्युटर आपण अजून जिवंतच आहोत असं समजून काम करत राहतो.

"आणि त्याला कोणी सांगत नाही?"

"कशाला सांगायचं? चांगलं काम करतोय बिचारा."

मग थरांचं सांगितलं. इमेजची एक मूळ प्रत असते, तिला हात लावायचा नाही. रोजचे बदल वेगळ्या फाइलीत जातात आणि ती थरासारखी मूळ प्रतीवर बसते. बदललेलं असेल ते थरातून वाचायचं, बाकीचं मुळातून. थर चुकीच्या मुळावर बसला, किंवा मूळच बदललं, की संपलं.

"म्हणजे माझं पेपर कटिंग," ही म्हणाली. जाड कागदाचा मूळ नमुना तिने लग्नाआधीपासून जपलाय. गिऱ्हाइकाचे बदल ती वर पातळ कागद ठेवून त्यावर आखते. मूळ कागदाला कात्री नाही. तिला दोन मिनिटांत कळलं. साहेबांना दोन वर्षं लागली होती.

खरी गोष्ट लिहायची राहिलीच. जुनी इमारत पाडणार, मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमची खोली रिकामी करायची. त्याआधी प्रत्येक यंत्राचं वर्णन सर्व्हरला स्वतः वाचता येईल अशा एक्सएमएल फाइलीत हवं. कोणता थर कोणत्या मुळावर, सगळं. त्याचा साचा ठरवायचाय. एक साचा मी करणार, एक झटपट. (तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. दर वाक्यात 'झटपट' म्हणतो म्हणून अख्ख्या मजल्याने त्याचं नाव तेच ठेवलंय.) २५ फेब्रुवारीला, रविवारी, रक्तपेढीच्या यंत्रावर चाचणी. ज्याचा साचा चालेल त्याचा विभाग. दुसऱ्याने तळघरातलं जुन्या कागदपत्रांचं भांडार बघायचं. साहेब हे अगदी गोड आवाजात म्हणाले.

बुधवार, १० जानेवारी

एक्सएमएलमध्ये जी खूण उघडली ती बंद करावीच लागते. उघडणारी खूण, मधे माहिती, मग बंद करणारी खूण. एकात दुसरी उघडली तर आतली आधी बंद. एवढी शिस्त मला माणसांत क्वचित दिसली.

सकाळी देवापुढे हात जोडले. मागायचं काय ते सुचेना. शेवटी म्हटलं, माझ्या हातून खोटं लिहिलं जाऊ देऊ नकोस, बाकी बघू.

शनिवार, १३ जानेवारी

अक्षर बरं म्हणून चौथीत असताना गुरुजी मला शाळेचं मोठं रजिस्टर भरायला बसवायचे. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, आणि शेवटच्या रकान्यात अंगावरची खूण. उजव्या गालावर तीळ. डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग. मी विचारलं होतं, नाव आहे ना, मग खूण कशाला? गुरुजी म्हणाले, "नावं दोघांची सारखी असतात. तीळ नसतो."

आज ते अचानक आठवलं आणि साच्याचं कोडं सुटलं.

निळ्या वहीत मी मूळ प्रतीचा पत्ता लिहायचो, अमुक सर्व्हर, अमुक फोल्डर, अमुक नाव. नव्या इमारतीत पत्ता बदलणार. आणि 'मूळ' नावाच्या फाइली आमच्याकडे नऊ आहेत! म्हणून साच्यात पत्ता दुय्यम. मुख्य म्हणजे ठसा. कॉम्प्युटर पूर्ण फाइल वाचून चौसष्ट अक्षरांची एक ओळ काढून देतो, तो ठसा. फाइलीत एक टिंब बदललं तरी ओळ पार बदलते. थराच्या वर्णनात लिहायचं, याच्या मुळाचा ठसा हा. जुळला तर यंत्र चालू. नाही जुळला तर थांबायचं आणि का थांबलो ते स्पष्ट सांगायचं.

गुरुजींचा दुसरा नियमही घातला. ते म्हणायचे, "माहीत नाही तिथे आडवी रेघ. अंदाजाने लिहायचं नाही. आणि माहीत असून रेघ मारलीत, तर पट्टी." माझ्या साच्यात एकही रकाना गुपचूप स्वतःहून भरला जात नाही.

शुक्रवार, १९ जानेवारी

दोन्ही मसुदे बाईंकडून परत आले. माझ्यावर लाल शाईच्या एक्केचाळीस खुणा. 'का?' 'कोण ठरवणार?' 'आणि नसेल तर?' एका पानावर चहाचा गोल डागसुद्धा. घरी नेऊन वाचला असणार, म्हणजे घरीही राग गेला नाही.

झटपटचा मसुदा कोरा परत आला. एक खूण नाही. त्याने तो सगळ्या मजल्यावर फिरवला.

"काका, मनाला लावून घेऊ नका," मला म्हणाला. "तुमचं सखोल आहे. पण एवढं वाचायला वेळ कुणाला?"

काका! माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे.

रविवार, २१ जानेवारी

थर कसे आखते ते नीट बघावं म्हणून हिचा मूळ नमुना पेटीतून काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. नंतर जसा होता तसा ठेवला, असं मला वाटलं.

"कोणी हात लावला याला?"

"मी फक्त बघितलं."

"फक्त बघितलं! ही घडी बघा. आता इथे गळा अर्ध्या बोटाने सरकणार. बघायचं होतं तर मला सांगायचं, मी दाखवला असता."

जेवताना बोलली नाही. एवढ्याशा घडीवरून बायकांना किती राग येतो.

बुधवार, ३१ जानेवारी

एक्केचाळीस खुणांची उत्तरं लिहिता लिहिता दहा दिवस गेले. दुसरा मसुदा दिला. आज परत आला, सव्वीस खुणा. सतरावी अशी: 'मूळ प्रतच बिघडली तर? दुसरी प्रत कुठे? तिचा ठसा कागदावर कुणाकडे?'

म्हणजे फाइलीवर विश्वास नाही, सर्व्हरवर नाही, माझ्यावर तर नाहीच. रागाच्या भरात अडतीसच्या अडतीस मूळ प्रतींच्या दुसऱ्या प्रती एका वेगळ्या डिस्कवर काढल्या, ठसे छापले, डिस्क आणि कागद पाकिटात घालून चिकटवलं आणि बाईंच्या टेबलावर ठेवलं.

"घ्या. आता तुम्हीच राखा."

त्यांनी पाकीट उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "चिकटवलेल्या जागी सही करा." आभार वगैरे काही नाही. मग उठून पाकीट लोखंडी कपाटात, निळ्या वहीशेजारी ठेवलं.

सोमवार, ५ फेब्रुवारी

झटपटने साहेबांना आपला साचा चालवून दाखवला. यंत्रामागे चार ओळी. फाइलीचं नाव, आकार, बस. मुद्दाम एक फाइल दुसरीकडे हलवली, तर त्याच्या साच्याने आसपास शोधून त्याच नावाची फाइल उचलली आणि यंत्र झटपट चालू. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, काम देखणं होतं.

बाईंनी एकच प्रश्न विचारला. "त्याच नावाची, पण वेगळी फाइल सापडली तर?"

"मॅडम, आकारही बघतो ना आपण. असं लाखात एकदा होईल."

"बरं," म्हणाल्या आणि वहीत काही लिहिलं. मला एक्केचाळीस, त्याला एक. यावरून पारडं कुठे झुकलंय ते कळतंच.

परतताना तळघराच्या दारावरून गेलो. आत डोकावलो. एक टेबल, एक दिवा, छतापर्यंत गठ्ठे. वाईट नाही, असं स्वतःला सांगितलं. पण खरं लिहायचं तर ते पटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यातून अशी उतरली होती की जी मी नसतानाही बरोबर चालेल. ती कोणी वापरणारच नाही, हे सोसायला जड जातंय.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

तिसरा मसुदा. नऊ खुणा. बाईंनी लिफ्टमध्ये विचारलं, "चाचणीच्या रविवारी लवकर येणार ना?" म्हटलं, येणार. "मीही," म्हणाल्या. सुट्टीच्या दिवशी माझी फजिती बघायला! माणसाचा इतका राग बरा नाही.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

सगळं तयार. रक्तपेढीच्या यंत्राचं वर्णन तीनदा वाचलं. प्रत्येक खूण उघडलेली, प्रत्येक बंद. दुसरा कुठलाही प्रोग्राम असता तर इतकं दडपण नसतं. पण त्या यंत्रात दुर्मीळ रक्तगटाच्या दात्यांची वीस वर्षांची यादी आहे. तो जुना प्रोग्राम पुन्हा लिहिणारं आता कोणी नाही, आणि रक्त लागतं तेव्हा याच यादीतून फोन जातो.

घरी निघायच्या आधी राहवेना. पावणेसहाला यंत्राची मूळ प्रत एकदा नुसती उघडून पाहिली, सर्व्हरवरच्या जुन्याच सॉफ्टवेअरने, नव्यावर अजून हात बसलेला नाही. मी व्यवस्थापक, मला कुठलं कुलूप आड येत नाही. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आली, याद्या लावतोय म्हणून क्षणभर थांबला, मग उघडला. अगदी धडधाकट. हात जोडले आणि बंद केलं. आता निश्चिंत झोपेन.

रविवार, २५ फेब्रुवारी

संध्याकाळ आहे. आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी नऊला नव्या इमारतीतल्या सर्व्हरच्या खोलीत साहेब, बाई, झटपट, मी आणि रक्तपेढीच्या ताई. ताई एकोणीस वर्षं तिथे आहेत, यादीतली अर्धी माणसं त्यांना आवाजावरून ओळखतात. खोलीत रंगाचा वास होता आणि थंडी इतकी की साहेबांनी मफलर काढलाच नाही.

पहिली पाळी माझी. आज्ञा दिली. सर्व्हरने वर्णन वाचलं, ठसा काढायला घेतला. चार मिनिटं पंख्यांचा आवाज. मग पडद्यावर एक ओळ:

मूळ प्रतीचा ठसा जुळत नाही. यंत्र चालू केलेलं नाही.

माझीच ओळ, मीच लिहिलेली. पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा तीच.

"काका," झटपट हळूच म्हणाला, "माझं असतं तर एव्हाना चहा झाला असता."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "काय झालंय ते दहा मिनिटांत सांगा."

दहा मिनिटं लागली नाहीत. मूळ प्रतीची तारीख बघितली. शुक्रवार, सायंकाळी पाच सत्तेचाळीस. तो प्रोग्राम दर वेळी उघडताना आपल्या याद्या नव्याने लावतो, म्हणजेच लिहितो. मी नुसतं बघायला गेलो आणि ज्या प्रतीला अकरा वर्षं कोणी हात लावला नव्हता तिच्यात माझ्या हाताने बदल झाला. हिच्या कागदावरची घडी तेव्हा डोळ्यांपुढे आली. आता कळलं राग कशाचा होता.

यापुढचं लिहायला लाज वाटते, पण या वहीत रेघ मारणार नाही. वर्णनातला ठसा बदलणं हे एका ओळीचं काम होतं. नवा ठसा समोर पडद्यावर होता. तो उचलून जुन्याच्या जागी ठेवला की यंत्र चालू, टाळ्या, विभाग माझा. कुणालाही कळलं नसतं. बोट त्या ओळीपाशी गेलं होतं. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण गेलं होतं. सुरुवातीला देवाकडे जे मागितलं ते त्याने असं समोर आणून ठेवलं.

मी खुर्ची मागे सरकवली. "साहेब, साच्याची चूक नाही, माझी आहे. शुक्रवारी मी मूळ प्रत उघडली होती. बघायला. ती बदलली. साच्याने बरोबर पकडलं."

बाई माझ्याकडे बघत होत्या. कशा ते मला वाचता आलं नाही.

"उघडली तर काय बिघडलं?" झटपट म्हणाला. "नाव तेच, आकार तोच. साहेब, मी दाखवतो."

साहेबांनी मान डोलावली. बाई म्हणाल्या, "प्रतीवर. खऱ्यावर नाही." त्याने फाइलींच्या प्रती घेऊन आपल्या चार ओळी चालवल्या. हिरवी अक्षरं लगेच आली. यादी आली, नावं आली, गट आले. साहेबांचा चेहरा खुलला. मी मनातल्या मनात भांडारातला दिवा लावून पाहिला.

तेवढ्यात ताईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"थांबा थांबा. वर जा जरा. ही बाई... ही ओ निगेटिव्ह आहे हो! मी स्वतः तीनदा बोलावलंय तिला, एकदा तर पहाटे. इथे बी पॉझिटिव्ह कशी?"

"टायपिंगची चूक असेल," झटपट म्हणाला.

"आणि हा शिंप्याचा मुलगा? आणि ही आमची जुनी नर्स? सगळ्यांचं एकाच वेळी टायपिंग चुकलं?" ताईंचा आवाज चढला. "प्रत्येकासमोर खालच्याचा गट आलाय. या यादीवरून मी फोन केला असता तर?"

मुळातल्या याद्या नव्याने लावलेल्या आणि वरच्या थरातल्या जुन्याच क्रमाच्या, असं ते मिश्रण झालं होतं. वरून निरोगी, आत एक ओळ सरकलेली. झटपटने यंत्र बंद केलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो माणूस वाईट नाही, हेही लिहून ठेवतो.

"आता?" साहेब म्हणाले. "मूळच गेलं म्हणजे यादी गेली?"

तेव्हा बाईंनी पिशवीतून माझं पाकीट काढलं. चिकटवलेल्या जागी माझी रागातली सही तशीच. आज त्या ते कपाटातून काढून घेऊनच आल्या होत्या. का आणलं असेल कोण जाणे. देवाची योजना, दुसरं काय.

त्यांनी पाकीट फाडलं, मला डिस्क दिली, कागद स्वतः घेतला. मी दुसऱ्या प्रतीचा ठसा काढला. बाई कागदावरून चार चार अक्षरं मोठ्याने वाचत गेल्या, मी पडद्यावर बोट ठेवून "आहे" म्हणत गेलो. सोळा वेळा. शाळेत हजेरी घ्यावी तसं. शेवटच्या चौकडीला ताईही आमच्याबरोबर "आहे" म्हणाल्या.

ठसा जुळला. आज्ञा दिली. यंत्र उठलं.

ताईंनी यादीतल्या त्या पहिल्या बाईचं नाव शोधलं. ओ निगेटिव्ह. शिंप्याचा मुलगा बरोबर. नर्स बरोबर. ताईंनी चाळीस नावं तपासली, मग खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "बाई गं!"

साहेब बराच वेळ मफलरशी खेळले. "म्हणजे याने मालकालाही आत सोडलं नाही," ते म्हणाले. "हाच घ्या. अडतीसच्या अडतीस यावरच."

टाळ्या आधी झटपटने वाजवल्या.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. बोट त्या ओळीपाशी गेलं होतं तेही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता तरी माझ्या पेटीला हात लावणार नाही ना?" आणि हसत सुटली. मग दोघंही हसलो, इतके की शेजारच्यांनी भिंतीवर ठोकलं.

बुधवार, २८ फेब्रुवारी

तिसावं यंत्र उठलं. झटपट आणि मी मिळून करतोय. त्याचा हात माझ्या चौपट चालतो. आज म्हणाला, "काका, तुमची ती 'थांबलो, कारण' वाली ओळ माझ्या दुसऱ्या कामात घेऊ का?" घे म्हटलं. काका म्हटल्याचा आज राग आला नाही.

शनिवार, २ मार्च

अडतीस पूर्ण. जुनी खोली झाडून किल्ली दिली. निघताना रिकाम्या भिंतींना नमस्कार केला, कोणी बघत नाही असं पाहून.

दुपारी साच्याची अंतिम प्रत बाईंकडून परत आली. हीच आता सगळ्या विभागांत लागू होणार. मी घाईघाईने पानं उलटली. पहिलं कोरं, दुसरं कोरं. शेवटपर्यंत एकही लाल खूण नाही. खरं सांगतो, थोडं चुकल्यासारखं वाटलं. मग मुखपृष्ठाकडे आलो. तिथे एकच होती.

साच्यात सर्वांत वर एक रकाना आहे, साचा कोणी केला त्याचा. त्यात मी आडवी रेघ मारली होती. गुरुजींचं रजिस्टर, हिचा नमुना, सव्वीस अधिक एक्केचाळीस अधिक नऊ लाल प्रश्न, वर देव. यात करणारा मी कोण, असं वाटलं होतं.

रेघेभोवती लाल गोल, आणि बाजूला बाईंच्या अक्षरात: 'हे माहीत आहे. लिहा.'

शेवटपर्यंत एक तरी चूक काढल्याशिवाय त्यांना राहवत नाही. पण गुरुजी असते तर पट्टी मिळाली असती, हे खरं.

मी खूण उघडली. माझं नाव लिहिलं, मधे वडिलांचं लिहिलं, म्हणजे हा थर कुणावर बसलाय ते कळेल. पुन्हा एकदा वाचलं, आणि खूण बंद केली.